‘हे झाड आहे’च्या पुढे

पत्र

माझी नात साडेसहा वर्षांची आहे. तिचे आईबाबा संध्याकाळी उशिरा येतात, त्यामुळे तिचा अभ्यास घेणं माझ्याकडे असतं. मी तिला रोज पाच शब्द देतो आणि प्रत्येकाचं एक वाक्य करायला सांगतो. झाड दिलं की ‘हे झाड आहे’, घर दिलं की ‘हे घर आहे’. किती दिवस झाले, वही याच वाक्यांनी भरते आहे. ‘दुसरं काहीतरी लिही’ म्हटलं तर ‘ते झाड आहे’ असं लिहून माझ्याकडे बघते. बोलताना मात्र तिचं तोंड मिटत नाही. दुसरी अडचण अशी, की ती अजून ‘मी करलं’ म्हणते. सुधारलं तर गप्प बसते आणि सांगत असलेली गोष्टही अर्धवट सोडते. तिला आताच कर्ता, कर्म, क्रियापद समजावून सांगावं का? वाक्यरचनेची वर्कबुकं मिळतात, त्यांचा उपयोग होईल का?

— एक आजोबा

उत्तर

आजोबा, सप्रेम नमस्कार.

‘ते झाड आहे’ वाचून मला हसू आलं. तुम्ही दुसरं काहीतरी मागितलंत, तिने दुसरं दिलं. तक्रारीला जागा नाही!

आधी तिची वही माझ्याबरोबर जरा पुन्हा बघा. तिने ‘हे झाड’, ‘हे घर’ लिहिलं. उद्या पिशवी आणि चेंडू हे शब्द देऊन पाहा. ती ‘ही पिशवी’ लिहील आणि ‘हा चेंडू’ लिहील. यातलं काहीही तिला तुम्ही शिकवलेलं नाही, शाळेनेही नाही. मोठेपणी मराठी शिकायला घेतलेला माणूस या हा-ही-हे मध्ये वर्षानुवर्षं अडखळतो. म्हणजे वाक्य कसं करायचं हे तिला येत नाही, असं नाही. तिने असा साचा शोधलाय की त्यात कुठलंही नाम घातलं तरी बरोबरची खूण मिळते आणि खेळायला लवकर जाता येतं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं हे हुशार उत्तर आहे. म्हणून बदलायचा तो प्रश्न.

आपण मोठी माणसं तरी हातात एक शब्द घेऊन वाक्य करायला बसतो का? ‘पिशवी’ हा शब्द आठवला म्हणून कुणी बोलायला लागत नाही. पिशवी फाटते, हरवते, कुणीतरी ती भलतीकडे ठेवतं, तेव्हा बोलावं लागतं. काहीतरी घडलेलं असतं. ते घडणं क्रियापदात असतं आणि वाक्यातली बाकीची मंडळी त्याच्याभोवती जमतात. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: तिला नाम देणं थांबवा, क्रियापद द्या. आणि ते वहीत नको, तोंडी.

क्रियापदसुद्धा ‘पळणे’ असं शब्दकोशातलं नको. घडून गेलेलं, बोलण्यातलं हवं. समजा तुम्ही म्हणालात, ‘पळाली’. एवढंच म्हणायचं आणि विचारायचं, कोण? ‘पळाली’ म्हटल्याबरोबर उंदीर बाद, कुत्रा बाद, वासरू बाद. खार चालेल, म्हैस चालेल, ताई चालेल. मग ‘पळाला’ द्या, ‘पळालं’ द्या. शेवटी ‘पळाले’ द्या आणि गंमत बघा. कुणी ‘चोर पळाले’ म्हणतं, तर कुणी ‘आजोबा पळाले’. एकात बरेच जण आहेत, दुसऱ्यात एकच आहे पण मानाचा. दोन्ही बरोबर, आणि दुसरं तर तिला जास्त आवडेल. आपल्या भाषेत क्रियापद एवढं सगळं पोटात घेऊन येतं, त्यामुळे मुलाला सुरुवातीलाच भरपूर आधार मिळतो. नुसतं ‘झाड’ दिलं तर असा काहीच आधार नसतो.

आता पुढे. खार पळाली. कुठून पळाली? भिंतीवरून. कुठे? झाडावर. का बरं? कुत्रा भुंकला म्हणून. एकेक उत्तर आलं की तोवरचं सगळं वाक्य तिने पहिल्यापासून म्हणायचं. बघता बघता ‘कुत्रा भुंकला म्हणून खार भिंतीवरून झाडावर पळाली’ असं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून निघेल आणि ते कितीही लांबवता येतं हे तिच्या लक्षात येईल. मग तुम्ही थांबा म्हटलं तरी ती थांबणार नाही, हा एक धोका मात्र आहे.

प्रश्नांचा क्रम सांभाळा. ‘कोण’, ‘काय’, ‘कुठे’ हे मुलांना लवकर उमगतात. ‘कधी’, ‘कसं’ आणि ‘का’ यांना उत्तर देणं त्यानंतर जमतं. तीन-चार वर्षांचं मूल स्वतः दिवसभर ‘का’ विचारत असलं तरी त्याला उलट ‘का’ विचारलं की ते ‘असंच’ म्हणून मोकळं होतं. तुमच्या नातीला सगळे प्रश्न पेलतील. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला ‘कोण’ आणि ‘कुठे’ एवढेच ठेवा.

या प्रश्नांचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. प्रत्यय शिकवावे लागत नाहीत, प्रश्नच ते घेऊन येतात. ‘कुणाला?’ विचारलं की ‘बाळाला’ येतं. ‘कशाने?’ला ‘काठीने’, ‘कशात?’ला ‘पेटीत’. विभक्तीचा तक्ता पाठ करून जे महिनोन्‌महिने साधत नाही ते इथे नकळत होतं. मुलं अडखळतात ती प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं तिथे. ‘घोडावर’, ‘शाळामध्ये’, ‘भिंतवर’ अशी रूपं लिखाणात हमखास सापडतात. त्यावर थांबून धडा घेऊ नका. ती ‘घोडावर’ म्हणाली की तुम्ही पुढचा प्रश्न विचारताना ‘घोड्यावर बसून मग कुठे गेला?’ असं म्हणा. तिच्या कानांना तेवढं पुरतं.

तुमचा तिसरा प्रश्न मी आधीच घेतो, कारण इथे त्याचा संबंध येतो. कर्ता, कर्म, क्रियापद आताच समजावावं का? नको. का नको ते मी तुम्हालाच करून दाखवतो. ‘राजू पळाला.’ ‘राजूने चेंडू फेकला.’ ‘राजूने पिशवी फेकली.’ ‘राजूने पुस्तक फेकलं.’ पहिल्या वाक्यात क्रियापद राजूच्या मागे गेलं. पुढच्या तिन्ही वाक्यांत त्याने राजूकडे ढुंकूनही पाहिलं नाही, फेकलेल्या वस्तूच्या मागे गेलं. राजूच्या जागी ‘मी’ आला की ‘ने’च गायब. तुमची नात ‘मी पळाले’ म्हणते, पण ‘मी चेंडू फेकला’ म्हणते, ‘मी पिशवी फेकली’ म्हणते, आणि कधी चुकत नाही. आता हे सगळं तिला नियम म्हणून सांगायला बसा. ‘करणारा तो कर्ता आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं’ एवढं एकच वाक्य तुम्ही ठामपणे सांगितलंत तर तिने आजवर जे बरोबर केलंय त्यातलं निम्मं तिला चूक वाटायला लागेल. व्याकरणाची नावं ही भाषा हातात आल्यावर तिच्याकडे वळून बघण्यासाठी आहेत. तिची ती वेळ येईल, शाळा आणेलच. तुमच्या संध्याकाळी त्यावर घालवू नका.

आता ‘मी करलं’. याबद्दल तुम्ही काळजीत आहात, आणि मला ती चूक आवडते, हे आधीच सांगून टाकतो. ‘बस’चं ‘बसलं’, ‘उठ’चं ‘उठलं’, ‘लिही’चं ‘लिहिलं’. मग ‘कर’चं ‘करलं’ का नको? हा शब्द तिने बहुधा कुणाकडून ऐकलेला नाही. तिने स्वतः नियम काढला आणि तो लावून पाहिला. अमेरिकेत जीन बर्को यांनी १९५८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सात वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला एक बनावट नाव दिलं, आणि मग तसे दोन प्राणी दाखवून ‘आता हे काय झाले?’ असं विचारलं. जो शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता त्याचं अनेकवचन बऱ्याच मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे बिनचूक केलं. मुलं ऐकलेलं तसंच्या तसं परत करत नाहीत, आतून नियम बांधतात, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. ‘करलं’ हा त्याच कामाचा पुरावा आहे. गंमत म्हणजे दोन वर्षांचं मूल पुष्कळदा ‘केलं’ असं बरोबर म्हणतं, कारण ते ऐकीव असतं. नियम सापडला की ‘करलं’ सुरू होतं. नियमाला अपवाद असतात हे कळलं की पुन्हा ‘केलं’. म्हणजे जी पायरी घसरल्यासारखी वाटते ती खरं तर वर नेणारी असते.

‘केलं’, ‘गेलं’, ‘आलं’, ‘दिलं’, ‘घेतलं’, ‘खाल्लं’, ‘म्हटलं’ ही आपल्या भाषेतली हट्टी मंडळी आहेत आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वापरातली. त्यामुळे ती कानावर सतत पडतात आणि आपोआप बसतात. तुम्ही एवढंच करा. ती म्हणाली, ‘आजोबा, मी घर करलं!’ तर ‘करलं नाही, केलं म्हण’ असं न म्हणता, ‘अरे वा, तू घर केलंस? कशाचं केलंस?’ असं म्हणा. बरोबर रूप तिला दोनदा ऐकू आलं आणि तिची गोष्टही पुढे सरकली. तिच्याकडून ते रूप वदवून घ्यायचं नाही. सुधारल्यावर ती गप्प बसते असं तुम्ही लिहिलंय. तिने सांगितलेल्या घराकडे तुम्ही पाहिलं नाहीत, शब्दाकडे पाहिलंत. मोठ्यांशी असं कुणी वागलं तर तेही गप्प बसतात.

एक पोटप्रश्न. घरातलं दुसरं कुणी तशा प्रकारची रूपं बोलतं का? बोलत असेल तर ती चूक नाही, घरची बोली आहे, आणि ती पुसायला जाऊ नये. ‘पुस्तकात असं लिहितात’ एवढं सांगितलं की मुलं दोन्ही सांभाळतात. बोलताना ‘वाचलं’ आणि छापील पानावर ‘वाचले’ हे तर प्रत्येक मराठी मूल सांभाळतंच.

बोलताना तोंड मिटत नाही आणि लिहिताना तीन शब्द, हे कोडं तुम्हाला पडलंय. यात कोडं नाही. तिच्या वयाला लिहिणं हे अंगमेहनतीचं काम असतं. अक्षराचं वळण, वेलांटी पहिली की दुसरी, दोन शब्दांत किती जागा सोडायची, ओळ खाली तर जात नाही ना, यातच सगळं लक्ष संपतं. हाताला जेवढं पेलेल तेवढंच वाक्य मग ती करते. म्हणून वाक्य रचणं आणि वाक्य लिहिणं ही दोन कामं वेगळी करा. रचायचं तिने, लिहायचं तुम्ही. ती सांगेल ते तिच्यासमोर, तिच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवा. ‘छान’ करून लिहू नका. ती ‘मग’ चार वेळा म्हणाली तर चारही ‘मग’ लिहा. मग तिला वाचायला द्या. स्वतःचं बोलणं कागदावर पाहिलं की मुलं स्वतःच म्हणतात, ‘इथे मग नको.’ ती कात्री तिच्या हातात राहू द्या. त्यातलं तिला सगळ्यात आवडलेलं एकच वाक्य तिने वहीत उतरवायचं. पाच नकोत, एक. पूर्णविराम कुठे द्यायचा हेही या मोठ्याने वाचण्यातून कळतं: जिथे आवाज खाली येऊन थांबतो, तिथे टिंब.

तुम्ही कागदावर लिहिलेलं वाक्य कापून त्याचे तुकडे केलेत तर दुसरा खेळ तयार होतो. मात्र कापताना ‘भिंतीवरून’ हा एकच तुकडा ठेवा, ‘भिंती’ आणि ‘वरून’ असे दोन करू नका. तुकडे उलटसुलट मांडा आणि तिला लावायला सांगा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण शाळेतल्या ‘शब्द योग्य क्रमाने लावा’ या प्रश्नाने आपल्याला उगाच कडक केलंय. ‘खार भिंतीवरून पळाली’, ‘भिंतीवरून खार पळाली’, ‘पळाली खार भिंतीवरून!’ ही तिन्ही वाक्यं मराठीच आहेत. तिने यातलं कुठलंही लावलं तर चूक म्हणू नका. तिन्ही मोठ्याने वाचा आणि विचारा, यातलं कुठलं वाक्य तू घाईघाईने सांगत येशील? कुठलं गोष्टीच्या सुरुवातीला शोभेल? क्रियापद शेवटी येणं ही आपली साधी, शांत रीत आहे. ती मोडली की आवाज बदलतो. हा फरक सहा वर्षांच्या मुलांना चटकन कळतो. आणि सगळंच चालतं असंही नाही. ‘मोठी खार’मधला ‘मोठी’ उचलून भलतीकडे ठेवला तर तिचं तिलाच खटकेल. खटकू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

आता थोडं एका सवयीबद्दल. ती तुमच्या पत्रात नाही, पण पुष्कळ घरांत असते, म्हणून लिहितो. ‘चेंडू कुठे आहे?’ असं विचारायचं आणि मूल ‘पलंगाखाली’ म्हणालं की ‘पूर्ण वाक्यात सांग’ म्हणायचं. ‘पलंगाखाली’ हे त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. ‘चेंडू पलंगाखाली आहे’ असं घरात कुणी बोलत नाही. मराठीत तर ‘आलो!’ हा एक शब्दही सबंध वाक्य असतो, आणि ‘ही माझी बहीण’ यात क्रियापद नसूनही काही कमी पडत नाही. ऐकणाऱ्याला आधीच माहीत आहे ते पुन्हा सांगायला लावलं तर वाक्य म्हणजे मोठ्यांनी लादलेली कटकट, असं मुलाचं मत होतं. पूर्ण वाक्य हवं असेल तर त्याची गरज पडेल अशी वेळ आणा.

ती आणण्याचा माझा सगळ्यात आवडता मार्ग हा. तुम्ही दोघं समोरासमोर बसा, मध्ये एक मोठं पुस्तक उभं करा. दोघांकडे कागद-पेन्सिल. ती तिच्या कागदावर काहीही साधं चित्र काढेल, तुम्हाला न दाखवता. मग ती बोलून सांगेल आणि तुम्ही तसंच काढायचं. ती म्हणेल, ‘झाड.’ तुम्ही कागदाच्या मधोमध प्रचंड झाड काढा. ती म्हणेल, ‘घर.’ घर झाडाच्या शेंड्यावर काढा. शेवटी पुस्तक बाजूला करून दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. ती खदखदून हसेल, आणि पुढच्या खेपेला आपणहून सांगायला लागेल, ‘घर खाली काढा. घराच्या उजव्या बाजूला छोटं झाड काढा. झाडावर पक्षी बसलाय, पण तो उडणार आहे.’ तुम्ही एकदाही ‘पूर्ण वाक्य’ म्हटलं नाहीत. तिला कळलं, की समोरच्याला दिसत नाही तेव्हा शब्दांनीच दाखवावं लागतं. या खेळात तुम्ही मठ्ठपणा मनापासून करायचा. सांगितलं नाही ते काढायचं नाही, आणि जे संदिग्ध आहे ते मुद्दाम भलतं काढायचं. मग पाळी बदला. तुम्ही सांगा, ती काढेल. तुमची वाक्यं ऐकूनच तिला ‘च्या मागे’, ‘च्या वर’, ‘पेक्षा मोठं’ हे सगळं मिळेल, आणि तेही कामाचं म्हणून मिळेल.

हे रोज करायला हवं असं नाही. जेव्हा तुम्हा दोघांनाही कंटाळा नसेल तेव्हा करा. पंधरा मिनिटांच्या वर नको.

हे सदर वाचणाऱ्या आणखी लहान मुलांच्या आईबाबांसाठी एवढंच. दोन शब्द जोडून बोलणं, ‘बाबा गेले’, ‘अजून पाणी’ अशासारखं, साधारण दीड ते दोन वर्षांच्या सुमारास सुरू होतं, आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलं छोटी वाक्यं बोलू लागतात. वेग प्रत्येकाचा निराळा. रॉजर ब्राऊन यांनी इंग्रजी बोलणाऱ्या तीन मुलांच्या बोलण्याचा दीर्घ अभ्यास १९७३ साली मांडला. तिघांचा वेग वेगवेगळा होता, पण भाषेतली रूपं आत्मसात करण्याचा क्रम पुष्कळसा सारखा होता. त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना नको. मात्र दोन वर्षं उलटली तरी मूल दोन शब्द जोडत नसेल, साधी सूचना त्याला समजत नसेल, किंवा येत असलेलं बोलणं मागे पडू लागलं असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या आणि वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांना दाखवा. आजोबा, यातलं काहीही तुमच्या नातीला लागू नाही.

शाळेतून ‘वाक्यात उपयोग करा’ असा गृहपाठ आला तर तो करावाच लागेल. तेव्हा शब्द दिलेला असतो, क्रियापद नसतं. मग तुम्ही तिला विचारा, या झाडाने काय केलं? झाडाला कुणी काय केलं? झाडावर, झाडाखाली, झाडामागे कोण काय करत होतं? पाच-सहा वाक्यं तोंडी होऊ द्या, हसण्यासारखी असली तर उत्तमच. त्यातलं सगळ्यात सोपं लिहायचं असेल तर तिला लिहू द्या. निवड तिची.

वर्कबुकचं विचारलंत. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, या प्रकारांत वाक्य आधीच दुसऱ्याने रचलेलं असतं. मुलाने फक्त एक भोक बुजवायचं असतं. त्यातून शब्द वाढतील, वाक्यं नाही. विकत आणू नका. आधीच आणलं असेल तर त्यातली चित्रं चांगली असतात. खालचे प्रश्न कागदाने झाका, एखाद्या चित्रावर बोट ठेवा आणि तिला विचारा, ‘हे व्हायच्या आधी काय झालं होतं?’